सातव्या पुटाचा कातळ

कुंभेवाडीच्या सड्यावर एक सपाट कातळ आहे. मध्यभागी हातभर रुंद, तांबडाकाळा डाग. पाहुणे आधी त्याचा फोटो काढतात, मग हे काय म्हणून विचारतात. कुणी रक्त म्हणतो, कुणी शेंदूर. वाडीतले दौलतबाबा दोघांनाही बोलू देतात आणि मग सांगतात, की तो आमसुलाचा डाग आहे. पाहुण्यांचा थोडा हिरमोड होतो.

फार पूर्वी द्वारकी नावाची बाई इथे आमसुले वाळवी. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडायचे, साली त्यांच्याच खारवलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या. अशी सात दिवस सात पुटे. या खडकाळ सड्यावर भात होत नसे. आमसुले घाटावर जात आणि बदल्यात पावसाळ्याचे धान्य येई. द्वारकीच्या घरात दोन मुली होत्या आणि सासू होती.

दुसरे पूट देऊन झाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा धाकू शेवटची पाटी उतरवताना रातांब्याच्या झाडावरून पडला आणि जागीच गेला. दुपारपर्यंत त्याला पोहोचवून माणसे परतली, तर द्वारकी कातळावर तिसरे पूट देत होती.

बंड वगैरे नव्हते, असे सांगतात. उन्हे कलायच्या आत पूट द्यायचे असते, एवढेच तिला ठाऊक होते. बाकीचे काही आत शिरतच नव्हते.

शेजारीण शेवंतीकाकी कुंपणापलीकडून ओरडली, "अगो, दहा दिस सुतक तुला! खायच्या जिनसाला हात लावतंस?"

"दहा दिसांनी पाऊस यील, काकी. साली कुजतील."

"मग रड तरी जरा!"

"हात खारे हायत," द्वारकी म्हणाली. "डोळ्यांस कसे लावू?"

जाणती माणसे पारावर बसली. कच्च्या जिनसाला सुतक नाही, शिजवलेल्याला आहे; पण आमसूल कच्चे धरायचे की शिजवलेले, यावर दोन तट पडले. चूल लागत नाही म्हणून कच्चे, असे एकांचे म्हणणे. सूर्य शिजवतो म्हणून शिजवलेले, असे दुसऱ्यांचे. सुतकातली आमसुले घाटावर कोण घेणार, हा प्रश्न मात्र दोघांनाही पडला. शेवटी खाडीपलीकडच्या भटजींना विचारायला माणूस धाडला, आणि गंभीर काम झाल्याच्या समाधानात सगळे जेवायला गेले.

द्वारकी रोज कातळावर येई. चौथे, पाचवे, सहावे. पाटीतले धाकूने उतरवलेले रातांबेही तिने फोडले. बिया एकीकडे, साली एकीकडे. तिला आंबट वास येईनासा झाला होता.

सातव्या दिवशी ती रसात हात घालून बसली ती बसलीच. ऊन कातळावरून सरकू लागले. मुलींनी हाका मारल्या. तिला ऐकू येत होते, हात मात्र वर येत नव्हते.

तेव्हा शेवंतीकाकी कुंपण ओलांडून आली. तिने द्वारकीचे हात रसातून काढले, गोड्या पाण्याने धुतले, आपल्या पदराने पुसले. मग कासोटा घट्ट करून सातवे पूट स्वतः दिले. या गडबडीत रसाचा टोप कलंडला आणि कातळ रंगला, तो तसाच राहिला म्हणे.

काकी शिवली म्हणून तिचे घरही सुतकात धरले. तिला पाणी द्यायला आलेली सूनही धरली. संध्याकाळपर्यंत एकेक करीत सगळी वाडी कातळावर आली, आणि मग कुणी कुणापासून दूर राहायचे ते जाणत्यांना ठरवता येईना. भटजींचा निरोप बाराव्या दिवशी पोचला: मिठाला सुतक नाही. तोवर आमसुले डब्यांत भरून झाली होती.

आजही कुंभेवाडीत सातवे पूट घरचे माणूस देत नाही. शेजारीण येते, न बोलता घरवालीचे हात धुते, पदराने पुसते आणि कामाला लागते.

मग द्वारकी रडली का, असे पाहुणे हमखास विचारतात.

"ते कुणी सांगत नाय," दौलतबाबा म्हणतात. "हात कोरडे झाले, एवढंच सांगतात."