मुंगूसआजीची मुळी

देवराईतल्या उंबराखाली रानातले आजारी जीव औषधाला यायचे, त्या काळची ही गोष्ट. सापाच्या विषावरची मुळी एकट्या मुंगूसआजीला ठाऊक होती. तिच्या हाताखालची धवळी सशीण म्हणायची, "आजी, एकदा ते झाड दाखवा ना."

"वेडी का गं तू? औषध सांगितलं की त्याचा गुण जातो!" आजी हसायची आणि मुळी पानात झाकून आणायची.

एके दिवशी नागानं आजीलाच गाठलं. विषानं तिचा जबडा आवळला, बोलणं खुंटलं. धवळीनं धावपळ करून दिसेल ती मुळी तिच्यापुढे आणून टाकली. "ही का, आजी? मग ही?" आजीची मान नाही, नाही अशीच हलत राहिली आणि मग तीही थांबली.

रडत रडत धवळी आजीचे पंजे पुसू लागली, तर नखांना कडवट वास. तो हुंगत ती ओढ्याकाठच्या एका वेलीपाशी पोचली. बुंध्याशी आजीच्या नखांनी उकरलेली माती होती. धवळीनं वेलीला हात जोडले आणि साऱ्या रानाला हाक मारली, "या रे, सगळे हा वास हुंगून ठेवा!"

"अगं, गुण जाईल ना!" साळिंदरमामानं दटावलं.

"तो आजीबरोबर गेलाच होता, मामा," डोळे पुसत धवळी म्हणाली. "तुमची पिल्लंही घेऊन या."