तसबिरीमागची जागा

भिंतींना कान होते आणि पालींना वाचा होती, त्या काळची गोष्ट. गोदाकाकूंच्या घरात एक पाल होती. ती दिसली रे दिसली की "शी! हाकला तिला!" म्हणत काकू केरसुणी घेऊन धावायच्या. एका संध्याकाळी जीव मुठीत धरून ती पळाली आणि थेट देवाच्या तसबिरीमागं शिरली. काकूंचा हात वरच थबकला. देवावर केरसुणी कशी उगारायची?

मागच्या अंधारात पालीनं भीतभीत विचारलं, "देवा, तुला नाही येत माझी किळस?"

"जिची किळस येते, तिच्याकडं कुणी असं निर्धास्त पाठ करून बसतं का?" देव म्हणाला. "राहा इथंच."

पाल राहिली. समईभोवतीचे किडे खायची आणि देवाच्या पाठीशी निवांत झोपायची.

एका सकाळी एक लंगडं झुरळ धापा टाकत तसबिरीपाशी आलं. "पालबाई, आत घ्या हो! मागं केरसुणी लागलीय."

"शी! हो बाजूला!" पाल खेकसली आणि स्वतःचाच आवाज ऐकून चपापली. हे तर गोदाकाकूंचं बोलणं!

त्यात झुरळ म्हणजे तिचा आवडता घास, आणि पोटात कावळे ओरडत होते. तिनं तोंड घट्ट मिटलं, अंग चोरून जागा केली.

"ये आत. खाणार नाही मी तुला."

"तुमचा काय भरवसा?" झुरळ म्हणालं.

पाल त्याच्याकडं पाठ करून बसली.