काकांना पाडायचे कसे?

मोहाच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात एक अस्वल राहत असे. ते अगदी म्हातारे नव्हते, पण तारुण्यही केव्हाच मागे पडले होते. पोट सुटले होते, चढण लागली की धाप लागायची आणि बसल्या जागेवरून उठताना तोंडातून हमखास "अरे देवा!" निघायचे. मुलांनो, तुमच्याही घरात असे कोणीतरी असेलच. त्यांना हसू नका, निदान त्यांच्यासमोर तरी नको. स्वभावाने मात्र अस्वल फार प्रेमळ. जंगलातली निम्मी पिल्ले त्याच्या पाठीवर बसून लहानाची मोठी झाली होती, म्हणून सगळे त्याला अस्वलकाका म्हणत.

एका हिवाळ्यात नदीपलीकडून एक धिप्पाड तरुण अस्वल आले. त्याने मोहाची झाडे न्याहाळली, मांडीवर शड्डू ठोकला आणि ते म्हणाले, "मोह फुलला की मी येतो. कुस्तीत माझी पाठ मातीला लावलीस, तर परत जाईन. नाहीतर ही झाडं माझी. तू आणि तुझी बायको दुसरं जंगल बघा." एवढे बोलून ते निघून गेले. अस्वलकाकांना त्या दिवशी घास गेला नाही. त्याच झाडांखाली त्यांचा संसार झाला होता.

संध्याकाळी ते अस्वलिणीला म्हणाले, "मी आखाड्यात जाणार. कुस्ती शिकणार."

"अहो, या वयात?" अस्वलीण म्हणाली. "तुमच्या लंगोटाला रानातली सागाची पानं तरी पुरतील का?" पण मनातून तिला बरे वाटले होते.

आखाडा चालवायचा एक मुंगूस. मूठभर जीव, पण डाव असे माहीत की भले भले त्याला वस्ताद म्हणत. रानडुक्कर, सांबर आणि माकड हे त्याचे शिष्य, सगळे ऐन उमेदीतले. आखाड्याचा नियम असा, की नवा येईल त्याने वस्तादाच्या पाया पडायचे, कुदळीने माती उकरायची आणि मगच कुस्तीला उभे राहायचे. अस्वलकाका पाया पडायला वाकले, तर वस्ताद टुणकन मागे उडाला. "काका, लाजवता काय? तुमच्या पाठीवर बसून मी नदी ओलांडलीय!" काकांनी कुदळ उचलली, तर सांबराने ती हातातून काढून घेतली. "तुम्ही बसा हो, काका."

कुस्तीत तर गंमतच झाली. काकांनी रानडुकराच्या खांद्यावर हात ठेवला मात्र, ते धप्पकन आडवे झाले. सांबरही पडले. माकड तर हात लागायच्या आधीच पडले, ते जरा जास्तच झाले. पण अस्वलकाकांच्या काही ते ध्यानात आले नाही. रोज सगळ्यांना लोळवून ते छाती पुढे काढून घरी जात आणि पाणवठ्यावर भेटेल त्याला सांगत, "कुस्ती अशी शिकून येत नाही. ती मुळात अंगात असावी लागते!"

एकदा अस्वलीण मधाचे पोळे घेऊन आखाड्याकडे आली आणि तिने तो प्रकार पाहिला. घरी आल्यावर म्हणाली, "मलाही एक डाव दाखवा ना."

काकांनी हसत तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती पडायची वाट पाहत राहिले. अस्वलीण पडली नाही. तिने नुसता पाय आडवा घातला आणि काका उताणे!

"अहो, ती पोरं तुमचा मान राखतात," ती हलकेच म्हणाली. "नदीपलीकडचा राखणार नाही."

अस्वलकाकांना फार वाईट वाटले. पाणवठ्यावर मारलेल्या बढाया आठवून तर तोंड लपवावेसे वाटले. मग एकाएकी त्यांना आपलेच असे हसू आले की पोट गदगदा हलू लागले, आणि अस्वलीणही हसू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आखाड्यात सगळ्यांना जवळ बोलावले. "पोरांनो, तुमची माया मला कळली. पण असंच चाललं तर माझा मान राहील आणि घर जाईल. आजपासून इथे कोणी काका नाही. मी तुमच्यात सगळ्यांत धाकटा."

वस्तादाने डोळे पुसले. मग जन्मात पहिल्यांदा त्याने काकांना अरे-तुरे केले. "बघतोस काय? कुदळ उचल!"

त्यानंतर अस्वलकाकांनी जेवढी माती उकरली, तेवढीच खाल्ली. रानडुकराने त्यांना पाडले, सांबराने पाडले, माकडाने तर झाडावर चढावे तसे अंगावर चढून पाडले. एकदा माकडाने चुकून विचारले, "काका, लागलं का?" तर वस्तादाने त्याला तिथल्या तिथे जोर काढायला लावले. घरी अस्वलीण करंजाचे तेल चोळता चोळता विचारी, "आज कोणी पाडलं?" काका कण्हत सांगत, "सगळ्यांनी!" पण हळूहळू त्यांना एक गोष्ट कळू लागली. समोरचा कुठून जोर लावणार, हे त्याने जोर लावायच्या आधीच त्यांच्या अंगाला समजायचे.

मोह फुलला आणि ठरल्याप्रमाणे तरुण अस्वल हजर झाले. सारे जंगल गोळा झाले. ताकद तरुण अस्वलाचीच जास्त होती. त्याने पहिल्याच धडकेत काकांना खाली घेतले, पण काका कुशीवर पडले आणि पाठ टेकायच्या आत वळून उभे राहिले. पुन्हा पाडले, पुन्हा उभे! तरुण अस्वल चिडले आणि सगळा भार घेऊन अंगावर धावून आले. काकांनी त्याला अडवले नाही. ते बाजूला सरकले, त्याचा पंजा धरून पुढे ओढला आणि टांग मारली. तरुण अस्वलाची पाठ धाडकन मातीला लागली.

जंगलभर एकच गलका झाला. अस्वलिणीच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आले. तरुण अस्वल मात्र उठेचना. त्याला फारसे लागले नव्हते, ते नुसते चक्रावून गेले होते.

"हे काय झालं?" त्याने विचारले.

"पडलास," अस्वलकाका म्हणाले.

"पण मी कधी पडत नाही! आमच्याकडे सगळे मला घाबरतात. माझ्याशी खेळायला कोणी येतच नाही."

अस्वलकाकांना त्याची खरोखर कीव आली. त्यांनी हात देऊन त्याला उठवले, झाडाखाली बसवले आणि ओंजळभर फुले त्याच्यापुढे ठेवली. "खा, मग जा. लांब जायचंय तुला."

तरुण अस्वलाने मान खाली घालून फुले खाल्ली. मग ते हळूच म्हणाले, "तुमच्या आखाड्यात मलाही पाडतील का हो?"

"पाडतील की," अस्वलकाका म्हणाले. "उद्या सकाळी ये."

तात्पर्य : मोठ्या वयात नवी विद्या शिकायची असेल, तर वयाचा मान दाराबाहेर ठेवून आत जावे, आणि ज्याच्यावर आपली माया आहे, त्याला खोटे जिंकू देऊ नये.