मुंगसाची पिले आणि गोठ्याची कडी

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एक तरुण शिष्य विद्या शिकत होता. बुद्धीने तल्लख, मनाने लोण्याहून मऊ. पण धीर म्हणून नाही. रुग्ण उंबऱ्यात पाऊल टाकतो न टाकतो तोच हा खलबत्ता घेऊन तयार. वैद्य हसून म्हणत, "अरे, त्याला आधी बसू तरी दे!"

एके सकाळी काढ्यासाठी सरपण आणायला तो परसात गेला. ढिगाच्या तळातला जाड ओंडका त्याने ओढला आणि सगळा ढीगच घसरला. लाकडांखालून काहीतरी करडे, लांबट सळकन निघाले आणि निवडुंगाच्या कुंपणात दिसेनासे झाले. शिष्याने वाकून पाहिले. सुकल्या पानांवर मुंगसाची तीन पिले एकमेकांना बिलगून वळवळत होती. अजून डोळेही उघडले नव्हते. आणि भिंतीवर कावळा येऊन बसलाच होता.

शिष्याचा जीव कळवळला. "पळाली! पोटची पोरं टाकून पळाली!" असे म्हणत त्याने पिलांना उपरण्यात घेतले आणि धावतच स्वयंपाकघर गाठले. वैद्यांच्या पत्नीला सगळे माई म्हणत. माईंकडून त्याने वाटीभर दूध मागून घेतले, कापसाची वात केली आणि ती एकेका पिलाच्या तोंडाशी लावू लागला. पिले तोंड फिरवत. एकाच्या नाकात दूध जाऊन ते शिंकले.

"माई, बघा ना, पीतच नाहीत!"

"पाजतोयस की न्हाऊ घालतोयस?" माई म्हणाल्या. "तुझ्या गुरुजींना येऊ दे."

वैद्य आले. आज गुरुजी पाठीवर हात ठेवणार, असे शिष्याला वाटले. त्यांनी एवढेच विचारले, "यांची आई कुठं आहे?"

"गेली पळून, गुरुजी. कुंपणात."

"म्हणजे आहे."

त्यांनी उपरण्यासकट पिले परसात नेली. एक फुटका माठ आडवा केला, त्यात तीच सुकी पाने अंथरली, पिले अलगद आत ठेवली आणि माठाच्या तोंडावर लाकडे अशी रचली, की मुंगूस आत शिरेल, पण कावळ्याची चोच पोहोचणार नाही. मग भुऱ्या कुत्र्याला कानाला धरून त्यांनी रिकाम्या गोठ्यात नेले. शिष्य पसंतीने मान डोलावत होता. तोच त्याचेही मनगट वैद्यांनी धरले.

"तूही आत."

"मी? मी काय पिलं खाणार आहे, गुरुजी?"

"नाही. म्हणून तर कानाला धरलं नाही."

आणि बाहेरून कडी लागली.

गोठ्याचे दार अंगणाकडे होते. मागच्या कुडाच्या फटीतून परस दिसे. शिष्य त्या फटीला डोळा लावून फणफणत राहिला. "वाचवणाऱ्यालाच कोंडायचं! तेही कुत्र्याबरोबर!" भुऱ्याने जांभई दिली आणि पुढच्या पायांवर डोके टेकून डोळे मिटले.

ऊन चढू लागले. बऱ्याच वेळाने कुंपणातून एक टोकदार नाक बाहेर आले. पिलांची आई चार पावले चाले, मागच्या पायांवर उभी राही, हवा हुंगे. माठ हातभर अंतरावर आला, आणि नेमका कावळा भिंतीवरून माठावर उतरला.

"हाड! हाड रे!" शिष्याने कुडावर मुठी आपटल्या.

कावळा जरासा सरकून बसला. मुंगूस मात्र वाऱ्यासारखे पसार झाले.

ओसरीवरून माईंचा आवाज आला, "अहो, कुत्रा गप्प आहे. दुसराच भुंकतोय!"

शिष्याला मात्र आता हसू येईना. वैद्य गोठ्याच्या दाराबाहेर येऊन बसले, तेव्हा आतून आवाज आला. "गुरुजी, ती आता नाही यायची. माझ्यामुळं मरतील ती पिलं."

वैद्यांनी कडी काढली नाही. हलकेच म्हणाले, "तुझ्या पोटातली माया मला दिसते रे, माईंना दिसते. तिला कशी दिसावी? तिला दिसतात तुझे दोन पाय आणि भुऱ्याचे चार. तिच्या लेखी तुम्ही दोघं एकच, म्हणून एका गोठ्यात. ती दुपारपर्यंत आली नाही, तर वात मी स्वतः करीन; आपण दोघं मिळून त्यांची आई होऊ. पण आई जिवंत असताना आई व्हायला जाणं, ही चोरी झाली. हाताला काम नसलं की मायेला करमत नाही, मला ठाऊक आहे. तेवढं सोस."

शिष्य पुन्हा फटीशी बसला. लहानपणी मुंगसाने तोंड दाखवावे म्हणून मुले त्याला रामाची शपथ घालत. तीच शपथ त्याने मनातल्या मनात घातली. कावळा माठावर चोच घासू लागला, तेव्हा त्याने उपरण्याचा बोळा दातांत धरला. लाकडांशी झटून झटून कावळा कंटाळला आणि उडून गेला.

कुंपण हलले. ती आली. माठात शिरली आणि पहिल्या पिलाला मानेला धरून कुंपणापार घेऊन गेली. मग दुसरे नेले. मग बराच वेळ काहीच हलले नाही. शिष्याचे डोळे भरून आले, पण तो जागचा हलला नाही. अखेर ती आली आणि तिसरेही घेऊन गेली.

कडी वाजली. दारात वैद्य उभे होते. भुऱ्या शेपटी हलवत अंगणात पळाला. "ये, सुटलास," ते म्हणाले.

शिष्याने ओठांवर बोट ठेवले. "थांबा गुरुजी," तो कुजबुजला, "एखादं राहिलं का, म्हणून ती परत येईल."

वैद्य पाऊल न वाजवता आत आले आणि त्याच्या शेजारी शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसले. थोड्याच वेळात ती खरोखरच आली. रिकाम्या माठात डोके घालून तिने पाहिले, पाने हुंगली आणि सावकाश, न घाबरता, परत गेली. उघड्या दाराच्या गोठ्यात गुरू-शिष्य दोघेही श्वास रोखून बसले होते.

ज्यांच्यासाठी आपला जीव तुटतो, त्यांच्या वाटेतून वेळीच बाजूला होणे हीसुद्धा सेवाच असते. तिचे श्रेय मात्र कुणी देत नाही.