लाल खरवड

"पण महाराज, आता आणखी काय सांगायचं राहिलं?"

वामन वैतागला होता. शहरात पदार्थविज्ञान शिकवणारा हा प्राध्यापक डोंगरावर येऊन सोमगिरी महाराजांचा शिष्य झाला, त्याला वर्षं लोटली होती. डोंगर एवढा उंच, की कावळेसुद्धा निम्म्यावर बसून दम खात. आता वामनला खाली गावात स्वतःचा मठ काढायचा होता. अडलं होतं ते महाराजांच्या होकारावर.

आणि महाराज रोज संध्याकाळी एकच विचारत. मावळतीला आकाश लाल का?

"पुन्हा सांग."

"उजेडात सगळे रंग असतात. त्यातला निळा हवेवर आपटून चहूकडे उधळतो, म्हणून दिवसा आकाश निळं. मावळतीला सूर्य खाली उतरतो, उजेडाला हवेतून लांबचा पल्ला पडतो. निळा वाटेतच संपतो. उरतो तो लाल. झालं?"

"वाटेत कुठं संपतो?"

"कुठं म्हणजे? हवेत!"

"कोणाच्या?"

"हवेला काय सातबारा असतो, महाराज?"

महाराजांनी कपाळावर हात मारला. उठले, आणि खिचडीचं पातेलं अन् डाव वामनच्या हातात कोंबला.

"रोज पहिल्या पानावर बसतोस. आज वाढ."

दर्शनाला आलेल्यांची पंगत एवढी लांब, की या टोकाचा ढेकर त्या टोकाला दुसऱ्या दिवशी पोचे. वामन वाढत गेला, वाढत गेला... शेवटी स्वतःच्या पानाशी आला, पातेल्यात डोकावला आणि भडकला.

"हे काय! मऊ खिचडी वाटेतच संपली. मला उरली ही तळाची लाल खरवड!"

"वाटेत कुठं संपली?"

"कुठं म्हणजे? त्या मेंढपाळाच्या पानात, त्या लेकुरवाळीच्या पानात, त्या..."

वामनने मान वर केली.

समोर पश्चिम लालभडक झाली होती. त्याच दिशेला, दूर कुठल्या तरी मुलखात, अजून लख्ख दुपार होती, आकाश निळं होतं.

"...महाराज."

महाराजांनी त्याच्या हातून पातेलं घेतलं. तळ खरवडला. अर्धी खरवड त्याला वाढली, अर्धी आपल्या पानात घेतली.

"खा. मठ काढलास की रोज हेच जेवायचंय."