नगाऱ्याची आई

“याची आई कुठाय, जावईबापू?”

“ही काय, शेजारीच बांधलीय. मामी, जरा हळू बोला. गिऱ्हाईक उभं आहे.”

“गिऱ्हाईक उभं आहे म्हणूनच मोठ्यानं विचारते. ही तेल्याची गाय. इतकी वर्षं गुरांत काढली, मला गाय ओळखता येत नाही होय?”

फार जुन्या काळी एका डोंगराच्या पायथ्याशी गुरांचा बाजार भरायचा. तिथं हे भांडण ऐन रंगात आलं होतं. भांडत होती एक म्हातारी आणि तिचा जावई. म्हातारी वळू वाढवून विकायची. आसपासच्या गावांत तिचे वळू होते, म्हणजे निम्मी वासरं तिच्याच गोठ्याच्या रक्ताची. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्यापाठोपाठ जावईही येऊन राहिला होता. आज तो सासूच्या आधी उठून बाजारात पोचला होता.

त्या बाजाराची एक रीत होती. वळू विकायला आणला की त्याच्या आईलाही शेजारी उभं करायचं. का बरं? तेल चोपडून कुठलाही वळू झळकतो. पण त्याच्या लेकी कशा निघतील, दूध किती देतील, सुखानं वितील का, हे त्याच्या आईकडे बघून कळतं.

जावयानं आणलेल्या वळूचं नाव नगारा. काय जनावर होतं ते! खांदे दगडी कोठीसारखे, डोकं हे एवढं, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगुरमाळ. बाजार त्याच्याभोवती गोळा झाला होता. सगळ्यांत देखण्या वळूच्या धन्याला बाजारात फेटा बांधत, आणि जावयाचा डोळा त्या फेट्यावर होता.

गिऱ्हाईक होता डोंगरमाथ्यावरच्या गावचा एक गुराखी. गावाचा वळू म्हातारा होऊन मेला होता, म्हणून गावानं त्याला नवा आणायला धाडला होता. तो मघापासून नगाऱ्याभोवती फिरत होता. आता तो पुढं झाला.

“मावशी, ही याची आई नाही, तर मग याची आई कुठाय?”

“मामी, राहू द्या ना,” जावई पुटपुटला.

“का राहू द्या? विचारतोय तो. बाबा, तुमच्या गावच्या गाई केवढ्या?”

गुराख्यानं कमरेपाशी हात धरला. “एवढ्या. लहान चणीच्या. कड्यावर चढणाऱ्या.”

“आता याचे खांदे बघ. डोकं बघ. याचं वासरू याच्याच बांध्याचं येणार. ते तुझ्या एवढ्याशा गाईच्या पोटातून बाहेर यायचं कसं?”

गुराखी नगाऱ्याकडे बघत राहिला. मग स्वतःच्या कमरेपाशी धरलेल्या हाताकडे बघितलं. असा विचार त्याला कधी शिवलाच नव्हता. सगळे म्हणायचे, वळू जितका मोठा तितका चांगला.

“याची आई अशीच लहान चणीची होती,” म्हातारी म्हणाली. “हा पोटात अडला. दोर लावून ओढला तेव्हा हा वाचला, ती गेली. याला मी बोळ्यानं दूध पाजून वाढवलाय. माझा जीव आहे याच्यावर. पण हा वळू म्हणून कुठं जायचा नाही. खच्ची करून औताला जुंपायचा, असं मी कधीच ठरवलंय, आणि यांनाही ते ठाऊक आहे.”

“अहो, पण एवढं जनावर बाजारात दुसरं आहे का?” जावई चिडला. “घरात बाळ येणार. म्हटलं, फेटा बांधून घरी जावं. त्याच्या गाईंचं तो बघेल! अडतील नाहीतर नाही अडणार, आपल्याला इथून काय दिसतंय?”

आता पुढचं आधीच सांगून टाकते. नगारा विकला गेला नाही. म्हातारीच्या गोठ्यात बटू नावाचा एक वळू होता, साधा, आखूड शिंगांचा, निमुळत्या खांद्यांचा. त्याच्याकडे कुणी वळून बघत नसे. त्याची आई मात्र दर वेळी एकटीनंच, कुणाला हाक न मारता व्यायलेली. गुराखी तिला बघून आला, चहूबाजूंनी बघितलं, शंभर प्रश्न विचारले आणि बटूला घेऊन डोंगर चढला. पुढच्या साली कड्यावरच्या गाई व्याल्या, वासरं दुडदुडत रानात गेली आणि एकही गाय अडली नाही. फेटा कुणा दुसऱ्यालाच मिळाला. नगारा औत ओढायला लागला, आणि झकास ओढायचा.

तात्पर्य माझ्या शब्दांत सांगायचं तर, विकणाऱ्यानं नुसता माल बघू नये, तो ज्याच्या दारी जाणार तिथलं उद्याचं दुखणंही बघावं. पण माझ्या शब्दांनी ते भांडण मिटलं नव्हतं. ते मिटलं म्हातारीच्या एका वाक्यानं. ते ऐकून जावयानं मुकाट्यानं तेल्याची गाय सोडली आणि नगाऱ्याच्या गळ्यातली घुंगुरमाळ काढली. ती म्हणाली होती:

“जावईबापू, चार दिवसांत माझी लेक बाळंतपणात अडली तर दाराबाहेर उभं राहून देवाला जे म्हणाल, ते आत्ता या माणसाच्या गाईंसाठी म्हणून दाखवा, आणि मग खुशाल विका.”