तारेने नेलेला चेहरा

शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर सांभाळून घ्या.

घराघरांत इंटरनेट नुकतंच आलं होतं तेव्हाची गोष्ट. विजेच्या तारेतूनच इंटरनेट खोल्याखोल्यांत पोचवणारी, प्लगात बसलेली नवी डबी भिंतीतल्या तारेला म्हणाली, "तारमावशी, वरच्या खोलीत मृदुला वाट बघतेय. बोटीवरच्या तिच्या बाबांचा चेहरा नेशील?"

"अगं, मी वीज नेते. चेहरा कसा नेऊ?" तार गोंधळली, तरी निघाली. वाटेत चेहऱ्याचा प्रत्येक तुकडा निरखत राहिली. हे नाक की कान?

वर संगणकाच्या पडद्यासमोर मृदुला रडकुंडीला आली. "बाबा अडकले!"

"मावशी, बघत बसू नकोस, नुसतं पोचव!" डबी कळवळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारेने काहीही न बघता सगळं पोचवलं.

"बाबा, केवढी दाढी वाढवलीत!" मृदुला खदखदून हसली.

दाढी म्हणजे काय, याचा विचार करत तार पुढचे तुकडे नेत राहिली.